महाविद्यालयाचा नवा चढाईपटू घडवताना संयम कसा ठेवावा

जून-जुलैमधील प्रवेशाची गर्दी ओसरली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या मैदानांवर एक मुलगा हमखास दिसतो. तो नुकताच बारावी झालेला असतो, वाळवा, पलूस, खटाव किंवा कोरेगाव तालुक्यातील एखाद्या गावातून एसटीने आलेला असतो, आणि गावच्या मंडळाकडून वजनी गटाच्या कबड्डी स्पर्धांत त्याने दोन-तीन हंगाम गाजवलेले असल्यामुळे त्याच्याआधी त्याचे नाव मैदानावर पोहोचलेले असते. संघातील जुने खेळाडू त्याच्याकडे कुतूहलाने पाहतात, क्रीडाशिक्षकांच्या मनात आशा निर्माण होते, आणि पहिल्या विभागीय स्पर्धेत त्याला थेट मुख्य चढाईपटू, म्हणजे समोरच्या संघाच्या भागात एकट्याने शिरून गुण आणणारा गडी, म्हणून उतरवले जाते. तिथे तो पहिल्याच डावात तीनदा पकडला जातो. दुसऱ्या सामन्यात तो निदान रेषेपाशी घुटमळतो, तिसऱ्या सामन्यात बाकावर बसतो, आणि दिवाळीनंतर सरावाला येईनासा होतो. त्याच्याविषयी एवढेच बोलले जाते की गावात चालत होता, इथे चालला नाही.

अनेक वर्षे कबड्डीचा सराव घेताना अशी मुले मी गमावली आहेत, आणि त्यांतील निदान दोघांच्या बाबतीत चूक सर्वस्वी माझी होती. त्या चुकांतून जे हाती लागले ते क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, संघनायक आणि पालक यांच्यासाठी येथे मांडतो. संयम ठेवा असे सगळेच सांगतात, परंतु सामना चालू असताना, गुणफलक विरोधात असताना आणि मागून लोक ओरडत असताना तो कसा ठेवायचा हे कुणी सांगत नाही. माझ्या अनुभवानुसार संयम ही आधी, शांतपणे, कागदावर ठरवून ठेवण्याची गोष्ट आहे. ऐन सामन्यात तो नव्याने आणता येत नाही.

वेळ नेमका कशासाठी लागतो

प्रथम हे समजून घ्यावे की गावातील चढाई आणि विद्यापीठ स्तरावरील चढाई यांत कौशल्याचा फरक कमी आणि वाचनाचा फरक जास्त आहे. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर असते, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते आणि तिथून अंतिम रेषा केवळ १.७५ मीटर दूर असते. अखंड 'कबड्डी'चा उच्चार करीत, ३० सेकंदांच्या आत, गडी टिपला नसेल तर निदान रेषा किमान एकदा ओलांडून चढाईपटूला परत यायचे असते. एवढ्या अवधीत त्याला दोन्ही कोपऱ्यांची (टोकाला उभ्या असलेल्या बचावपटूंची) उभे राहण्याची पद्धत, कव्हर (कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा बचावपटू) पुढे सरकला आहे की मागे, साखळीतील हात घट्ट आहेत की सैल, समोर सहा किंवा सात गडी आहेत म्हणून बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा गुण) घेता येतो की नाही, आपल्या संघाच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत का, आणि आपण बाद झालो तर मागे कोण उरतो, हे सारे पाहावे लागते.

गावच्या स्पर्धेत या पोराला यातील अर्धे पाहावेच लागत नव्हते. समोरचे गडी त्याच्याच वजनाचे असत, त्यांची साखळी उशिरा बंद होई, आणि त्याचा वेग इतका अधिक असे की चूक झाली तरी तो पाय सोडवून घेऊन मध्यरेषेवर हात टेकवी. महाविद्यालयीन स्पर्धेत समोर तिसऱ्या वर्षाचा, चार-पाच वर्षे एकाच कोपऱ्यात उभा राहिलेला गडी असतो. तो चढाईपटूच्या हाताकडे पाहतच नाही. त्याची नजर पुढच्या पायाच्या टाचेवर असते आणि ती टाच जमिनीला टेकली की तो घोटा धरतो. मुलाचा वेग तोच असतो, फक्त आता त्याच्या चुकीचा फायदा घेणारा माणूस समोर उभा असतो.

दुसरा बदल मैदानाचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक मुलांचे पाय मातीत तयार होतात. मातीत अनवाणी पाय थोडा घसरतो, त्या घसरण्याचा अंदाज घेऊनच मुलगा वळण घ्यायला शिकतो. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि तिथे बूट घालावे लागतात. बूट मॅटला घट्ट धरतो, पाऊल जागीच राहते आणि शरीर वळते, म्हणजे सगळा पीळ गुडघ्यावर येतो. त्यामुळे मॅटवरचे पहिले काही महिने मुलाची चाल अडखळल्यासारखी दिसते. ती भीती नसते, पायांनी शिकलेली जुनी भाषा विसरून नवी शिकण्याचा तो काळ असतो, आणि तो मुलागणिक कमी-जास्त असतो.

सातारा जिल्ह्यातीलच सर्वांत मोठे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, परंतु त्याचा पूर्वार्ध फारसा सांगितला जात नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत कुस्ती केलेल्या या मल्लाला मॅटची सवय नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. फ्लायवेट गटात ते सहावे आले. कांस्यपदक मिळाले ते चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला, बँटमवेट गटात. मधल्या चार वर्षांचा हिशेब आपण करीत नाही, कारण पदक आपल्याला ठाऊक असते. आपल्या समोरच्या मुलाच्या बाबतीत मात्र आपण सहाव्या क्रमांकावरच हिशेब मिटवून टाकतो.

हंगामापूर्वी वही करावी

या लेखातील एकच गोष्ट कुणी अमलात आणणार असेल तर ती ही असावी. दोनशे पानी साधी वही घ्यावी आणि नव्या चढाईपटूची प्रत्येक चढाई, सरावातील आणि सामन्यातील, तीत नोंदवावी. नोंद प्रशिक्षकाने स्वतः करू नये, कारण त्याचे लक्ष पूर्ण सामन्यावर हवे. बाकावरील राखीव खेळाडूला किंवा दुखापतीमुळे बाहेर असलेल्याला हे काम द्यावे. त्याचेही शिक्षण होते.

वहीत गुणांचा रकाना ठेवू नये. हे ऐकायला विचित्र वाटते, आणि माझ्या सहकाऱ्यांनीही सुरुवातीला यावर आक्षेप घेतला होता. परंतु गुण गुणपत्रिकेत असतातच, आणि वहीत ते आले की वाचणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाते. त्याऐवजी पुढील गोष्टी लिहाव्यात. चढाई कोणत्या बाजूने सुरू केली, निदान रेषा ओलांडली तेव्हा शरीराचा भार कोणत्या पायावर होता, किती सेकंद आत राहिला, कोणत्या गड्याला लक्ष्य केले, आणि पकडला गेला असेल तर कुणी, कोणत्या पकडीने व कोठे. शेवटी एक खूण करावी, ती म्हणजे चढाईचा विचार बरोबर होता की नाही. ही खूण प्रशिक्षकाने सामन्यानंतर मुलाशी बोलून करावी. योग्य विचार करून केलेली चढाई फसली तरी खूण बरोबरची, आणि डोळे मिटून मारलेल्या उडीत दोन गुण आले तरी खूण चुकीची.

या वहीचा उपयोग कसा होतो हे एका प्रसंगावरून सांगतो. आमच्याकडे तासगाव भागातून आलेला एक मुलगा पहिल्या पाच सामन्यांत नऊ वेळा पकडला गेला. संघात, मैदानाच्या कडेला आणि महाविद्यालयाच्या कार्यालयातसुद्धा एकच मत होते की पोराचा आत्मविश्वास गेला आहे. वही उघडली तेव्हा दिसले की नवापैकी सात पकडी प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या कोपऱ्याने घोट्याला घातलेल्या होत्या, आणि त्या सातही वेळा तो स्वतःच्या उजव्या बाजूने आत शिरून उजव्या पायाने बोनस घ्यायला गेला होता. डाव्या बाजूने केलेल्या चढायांत तो केवळ दोनदा सापडला होता. आत्मविश्वासाचा येथे काही संबंध नव्हता. बोनस रेषेपलीकडे पाय टाकताना मागचा पाय हवेत असावा लागतो, आणि तो पाय उचलण्यापूर्वी हा मुलगा उजवा पाय फार लवकर लांबवीत होता, म्हणजे कोपऱ्याला टाच अर्धा सेकंद आधी मिळत होती. तीन आठवडे रोज वीस वेळा, एका कोपरारक्षकाला समोर उभे करून, फक्त तेवढीच हालचाल घेतली. पकडी एकदम थांबल्या नाहीत, पण वहीतील घोट्याच्या नोंदी हळूहळू विरळ होत गेल्या.

आत्मविश्वास, दडपण, मानसिकता हे शब्द मी सरावात शक्यतो वापरत नाही. ते खोटे आहेत असे नव्हे, पण त्यांच्यावर काम कसे करायचे हे मुलाला कळत नाही. उलट आपल्यातच काही खोट आहे एवढेच त्याच्या मनात राहते. टाच लवकर पडते, असे सांगितले तर तो उद्या सकाळी ते सुधारू शकतो.

कोणत्या चढाया द्याव्यात

सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा असतो. दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात, म्हणजे प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंदांची धरली तरी एका संघाच्या वाट्याला साधारण ४० चढाया येतात. नव्या मुलाला यांतील किती आणि कोणत्या द्यायच्या हे सामन्यापूर्वी ठरवावे आणि संघनायकाला सांगून ठेवावे. माझी पद्धत अशी आहे की पहिल्या विभागीय स्पर्धेत त्याला एका डावात चार ते सहा चढाया द्यायच्या, त्याही समोर सहा किंवा सात गडी असताना. पूर्ण संघासमोर चढाई अवघड असते हे खरे, परंतु तिथे बोनसचा मार्ग खुला असतो, गुण न मिळवता निदान रेषा ओलांडून परत येण्याला किंमत असते, आणि मुलाला पूर्ण मांडणी वाचायला मिळते.

याउलट, समोर तीनच गडी उरले आहेत म्हणून 'सोपी' चढाई नवख्याला देण्याची पद्धत मला चुकीची वाटते. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी चढाईपटूला पकडले तर त्यांना अव्वल पकडीचे दोन गुण मिळतात, लोण चढवण्याची, म्हणजे समोरचा सारा संघ बाद करण्याची, आलेली संधी हातून जाते आणि सामन्याचा रंग पालटतो. त्या पकडीचा भार अठरा वर्षांच्या मुलावर येतो. ही चढाई अनुभवी गड्याने करावी. तसेच, लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतर येणारी तिसरी चढाई, जिच्यात गुण मिळवला नाही तर चढाईपटू बाद होतो, ती पहिल्या हंगामात नव्या मुलाला आठ-दहा गुणांची आघाडी असतानाच द्यावी. पिछाडीवर असताना ती त्याच्या गळ्यात घालणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्यावर ढकलणे आहे, आणि मी ते एकदा केले आहे. आंतरविभागीय उपांत्य सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत मी पहिल्या वर्षाच्या मुलाला तिसऱ्या चढाईला पाठवले, कारण गावच्या स्पर्धेत त्याने अशा चढाया जिंकल्या होत्या. तो पकडला गेला आणि आम्ही हरलो. पराभवाचे मला आज काही वाटत नाही. पण तो मुलगा पुढच्या वर्षभर तिसरी चढाई आली की संघनायकाच्या नजरेपासून तोंड फिरवून उभा राहायचा, हे अजून विसरता येत नाही.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो चेंडू हातात घेऊन खेळायचा खेळ; तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूची स्थिती आपल्या चढाईपटूसारखीच असते. चेंडू हातात आल्यावर अवघ्या काही क्षणांत समोरच्या बचावाची मांडणी वाचून त्याला निर्णय घ्यावा लागतो, आणि विजय-पराजयाचे सारे बोल त्यालाच लावले जातात. तिथे 'रेडशर्ट' नावाची पद्धत आहे. नव्या खेळाडूने एक वर्ष संघासोबत सराव करायचा, पण ते वर्ष त्याच्या खेळण्याच्या चार हंगामांत धरले जात नाही. २०१८ मध्ये झालेल्या बदलानंतर तर चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष राखता येऊ लागले. त्या देशातील व्यावसायिक फुटबॉलमध्येही आरन रॉजर्स २००५ ते २००७ असे तीन हंगाम ब्रेट फार्व्ह या ज्येष्ठाच्या मागे राखीव होता, आणि २०१० च्या हंगामात त्याच्याच नेतृत्वाखाली त्याच संघाने सुपर बोल, म्हणजे त्या खेळाचा विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला. आपल्या मुलांना पदवीची तीन-चार वर्षे मिळतात आणि राखून ठेवलेले वर्ष परत मिळेल असा आधार आपल्याकडे नाही, म्हणून ती सोय प्रशिक्षकालाच आपल्या मनाने करावी लागते. पहिले वर्ष मोजके सामने, दुसरे वर्ष दुसऱ्या क्रमांकाचा चढाईपटू आणि तिसऱ्या वर्षी संघाचा भार, ही आखणी मी मुलाला पहिल्याच महिन्यात सांगतो. बाकावर बसलेल्या मुलाला आपण का बसलो आहोत हे ठाऊक असेल तर तो सामना पाहतो. ठाऊक नसेल तर तो प्रशिक्षकाचा चेहरा पाहत राहतो.

तो पकडला गेल्यानंतर

बाद झालेला गडी आपल्या संघाने समोरचा गडी बाद केल्यावर, बाद झाल्याच्या क्रमाने परत आत येतो. म्हणजे पकडला गेलेला चढाईपटू काही काळ बाहेर बसणारच असतो आणि त्याचे परतणे त्याच्या हातात नसते. ही दोन-तीन मिनिटे फार मोलाची असतात. या वेळी त्याला काही शिकवू नये. प्रेक्षकांतून सूचना येत असतात, संघातला एखादा चिडलेला असतो, आणि मुलाचा श्वासही अजून जागेवर आलेला नसतो. त्याला पाणी द्यावे आणि पाहण्यासाठी एकच काम द्यावे: उजवा कव्हर पुढे येतो का ते बघून सांग. आत गेल्यावर त्याच्याजवळ नवी माहिती असते आणि बाहेर बसलेला काळ लाजेत गेलेला नसतो.

चूक होताच लगेच बदली खेळाडू उतरवू नये. बदल करायचाच असेल तर तो एखाद्या बऱ्या चढाईनंतर करावा, म्हणजे मैदानाबाहेर येताना त्याच्या मनात शेवटची आठवण परत येण्याची राहते. हे दरवेळी जमत नाही, कारण सामना हातातून जात असतो आणि बाकीच्या सहा मुलांच्याही मेहनतीचा प्रश्न असतो. पण जिथे निवड करता येते तिथे ती अशी करावी.

परतीच्या प्रवासात त्याच्या खेळाविषयी बोलू नये, असा नियम मी कटाक्षाने पाळतो. कोल्हापूरहून किंवा साताऱ्याहून रात्री परत येताना गाडीत सगळे दमलेले असतात, आणि अशा वेळी दोन शब्दही चार शब्दांसारखे लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, वही समोर ठेवून, आधी त्याला बोलू द्यावे. बहुतेक मुले स्वतःची चूक आपल्यापेक्षा कठोरपणे सांगतात. तेव्हा आपले काम ती चूक तिच्या खऱ्या आकारावर आणण्याचे असते.

शरीराची घाई करू नये

येथे मला थोडे कठोर लिहावे लागेल. आपल्या भागातील गावोगावच्या स्पर्धा ५५ किलो, ६५ किलो अशा वजनी गटांत होतात आणि त्या गटात बसण्यासाठी पोरे दोन-दोन दिवस उपाशी राहतात, पाणी तोडतात, उन्हात जाकीट घालून पळतात. हाडापेराने वाढणाऱ्या मुलाच्या शरीरावर हा अत्याचार आहे. महाविद्यालयाच्या संघात आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे की यापुढे वजन उतरवून कोणत्याही मंडळाकडून खेळायचे नाही. दोन वेळची पोटभर भाकरी, डाळ, दूध, अंडी, मूठभर शेंगदाणे आणि पुरेशी झोप यांवर वर्षभरात जे वजन वाढते तेच टिकते, आणि कव्हरचा धक्का सोसून मध्यरेषेकडे झेपावण्याची ताकद त्यातूनच येते. वसतिगृहात किंवा खोली करून राहणारी मुले पैसे वाचवण्यासाठी सकाळी वडापाववर भागवतात. प्रशिक्षकाने हे विचारून घ्यावे आणि संकोच न करता महाविद्यालयाकडून काही सोय होते का ते पाहावे.

एकाच आठवड्यात विद्यापीठाची स्पर्धा, शनिवारी रात्री प्रकाशझोतातील मंडळाची स्पर्धा आणि रविवारी दुसऱ्या गावचा सामना, असा खेळ करणाऱ्या मुलाचे गुडघे विसाव्या वर्षी बोलू लागतात. मंडळांना दुखवणे मुलाला जड जाते, कारण त्याच मंडळाने त्याला बूट घेऊन दिलेले असतात आणि जत्रेत त्याचा सत्कार केलेला असतो. म्हणून हा नकार मुलाच्या तोंडून देववू नये. प्रशिक्षकाने मंडळाच्या जाणत्या माणसांना स्वतः भेटावे, महिन्यातून किती सामने हा खेळेल ते मोकळेपणाने ठरवावे. मी ज्या ज्या गावी असा गेलो, तिथे चहा झाला आणि बोलणे ऐकून घेतले गेले. पोरगं मोठं व्हावं असे गावालाही वाटत असते.

घरच्या कामाचाही विचार करावा लागतो. ऊसतोड सुरू होते, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी येते, हळदीची काढणी असते, आणि सरावाला उशिरा आलेला मुलगा पहाटे चारपासून शेतात राबून आलेला असू शकतो. त्याला उशिराबद्दल शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावण्यापूर्वी एकदा विचारावे. त्या दिवशी त्याला चढाया देऊ नयेत, शेजारी बसवून वही लिहायला द्यावी.

घरच्यांशी बोलणे

पालकांना भेटायचे ते हंगाम सुरू होण्यापूर्वी, शक्यतो त्यांच्या घरी. मुलगा बाकावर बसल्यानंतर भेटायला गेले की आपले सारे बोलणे सबबीसारखे वाटते. एका मुलाचे वडील मला विभागीय स्पर्धेच्या मैदानावरच म्हणाले होते, "सर, पोरगं तीन मॅच नुसतं बसून हाय. बसवायचंच हुतं तर मग एवढ्या लांब कशाला आणलं? हितं रानात चार हात लागत्यात." त्यांचे म्हणणे रास्त होते. मी त्यांच्या मुलाची तीन वर्षांची आखणी मनात केली होती, पण त्यांना एका शब्दानेही सांगितली नव्हती. नंतर मी त्यांच्या घरी गेलो, वही दाखवली, कोणत्या महिन्यात काय अपेक्षित आहे ते सांगितले, आणि गुडघ्याला काही झाले तर काय करायचे हेही बोललो. त्यानंतर ते सामन्यांना येत राहिले, आणि मुलगा पकडला गेला की हातवारे करणे त्यांनी बंद केले.

घरच्यांना नोकरीविषयी खोटी आशा लावू नये. खेळाडूंसाठी शासकीय सेवेत राखीव जागा आहेत, पोलीस आणि रेल्वे यांसारख्या खात्यांत कबड्डीपटू भरती होतात, आणि २०१४ पासून प्रो कबड्डी लीगमुळे या खेळात पैसाही दिसू लागला आहे. हे सर्व खरे असले तरी त्या टप्प्यावर पोहोचणारी मुले मोजकी असतात. पदवी पूर्ण होईल याची काळजी घेणे हा मुलावर संयम ठेवण्याचाच भाग आहे. परीक्षा बुडाली की घरचा धीर सुटतो, आणि मग पुढच्या हंगामाची वाट पाहायला कुणी तयार नसते.

संघातील जुन्या चढाईपटूची भूमिका

नव्या मुलाला सर्वांत जास्त शिकवतो तो संघातील ज्येष्ठ चढाईपटू, आणि तो हे काम आनंदाने करील असे गृहीत धरू नये. आपली जागा घेणारा माणूस तयार करायचा आहे हे त्याला कळत असते. त्याच्याशी वेगळे बोलावे, त्याच्या शेवटच्या वर्षात त्याची जागा पक्की आहे हे स्पष्ट सांगावे, आणि मगच नव्याला त्याच्या हाती सोपवावे. सरावात दोघांनी एकापाठोपाठ एक, त्याच बचावफळीवर चढाई करावी. नव्याने आधी ज्येष्ठाची चढाई पाहून त्याने काय वाचले ते ओळखायचे, मग ज्येष्ठाने खरे काय ते सांगायचे. पंधरा मिनिटांच्या या सरावाइतका लाभ तासाभराच्या व्याख्यानाने होत नाही.

संयम कोठे थांबवावा

सरावाला न येणाऱ्या, सांगूनही वजन उतरवून खेळणाऱ्या किंवा सहकाऱ्यांना तुच्छ लेखणाऱ्या मुलाशी खेळातील प्रगतीचे कारण देऊन नरमाईने वागू नये. त्या शिस्तीच्या गोष्टी आहेत आणि त्यांचा निकाल तिथल्या तिथे लावावा. संयम हवा तो प्रामाणिकपणे राबूनही ज्याच्या खेळात अजून फळ दिसत नाही त्याच्यासाठी.

अशा मुलाच्या वहीत तीच चूक आठ-दहा आठवड्यांनंतरही तितक्याच वेळा दिसत असेल तर प्रथम शिकवण्याची पद्धत बदलावी. सांगून कळत नसेल तर भ्रमणध्वनीवर चित्रण करून दाखवावे; समोर उभा केलेला कोपरारक्षक बदलावा; वेग कमी करून तीच हालचाल चालत करून घ्यावी. त्यानंतरही वर्षभरात 'विचार बरोबर' या खुणा वाढल्या नाहीत, तर तो मुलगा चढाईपटू नसून बचावपटू असू शकतो, ही शक्यता उघडपणे त्याच्यासमोर मांडावी. चढाई करता करता ज्याला कोपऱ्याचे डोळे वाचता येऊ लागले आहेत, त्याला कोपऱ्यात उभे राहून चढाईपटूची टाच वाचणे कधी कधी फार लवकर जमते. हा बदल शिक्षेसारखा वाटू नये म्हणून तो हंगामाच्या मध्यात करू नये. मार्च-एप्रिलमध्ये, स्पर्धा संपल्यावर, रोज अर्धा तास दोन्ही जागांवर खेळवून पाहावे आणि निर्णय त्याच्याबरोबर बसून घ्यावा.

दुसऱ्या वर्षाच्या जुलैमध्ये पहिल्या सरावाच्या दिवशी ती जुनी वही मुलाच्या हाती द्यावी. त्याने ती घरी नेऊन शांतपणे वाचावी आणि पुढच्या हंगामात स्वतःच्या कोणत्या तीन गोष्टी नोंदवायच्या हे त्यानेच ठरवून आणावे. नवी वही आखताना रकाने त्याच्या अक्षरात असू द्यावेत.